प्रवेशाआधीची तपासणी

कंपनीने नोटीस लावली तेव्हा माझं वय सेहेचाळीस होतं आणि त्याच एका कंपनीत बावीस वर्षं झाली होती. मुलुंड पश्चिमेची आमची औषधांची फॅक्टरी बंद होऊन गुजरातेत जाणार होती. जागेवर टॉवर होणार हे नोटिशीत लिहिलेलं नव्हतं, पण गेटवरच्या वॉचमनलाही माहीत होतं. प्रत्येकाच्या हातात एक फॉर्म आला. त्यावर दोन चौकोन होते, ‘सोबत येणार’ आणि ‘येणार नाही’. भरून द्यायला तीन महिने.

घरी येऊन मी वही उघडली आणि तीन ओळी लिहिल्या. पहिली: गुजरातेत जायचं नाही, नवऱ्याची नोकरी अंधेरीला, मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, सासूबाईंचे गुडघे. दुसरी: या वयात, या हुद्द्यावर दुसऱ्या औषध कंपनीने घेणं कठीण, दोघांना फोन करून खात्री केली. तिसरी: हॉस्पिटल.

तिसऱ्या ओळीला आधार होता. माझी एक जुनी सहकारी पाच वर्षांपूर्वी घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात गेली होती आणि आता तिथल्या क्वालिटी विभागाची प्रमुख होती. तिला फोन केला.

“दिवाळीनंतर माझ्याकडे एक जागा निघतेय,” ती म्हणाली. “तू आलीस तर झकास. पण आमच्या मोठ्या डॉक्टरांना मॅनेजमेंटची डिग्री लागते. निदान प्रवेश घेतल्याचं पत्र तरी. नुसतं बी.एस्सी. आणि अनुभव दाखवलास तर ते बघणारसुद्धा नाहीत.”

म्हणजे ऑनलाइन एमबीए, हॉस्पिटल व्यवस्थापन विषय घेऊन. आधी प्रवेश, मग फॉर्मवर ‘येणार नाही’, मग हॉस्पिटल. क्रम सोपा होता.

माझं काम क्वालिटीचं, म्हणून निवड कशी करायची हा प्रश्न मला पडलाच नाही. आमच्याकडे कच्च्या मालाच्या गोण्या आल्या की त्यांना पिवळं लेबल लावून बाजूला ठेवतात. नमुना काढायचा, तपासायचा, सप्लायरकडून सगळे कागद मागवायचे. सगळं जुळलं तर हिरवं लेबल. एक कागद जरी कमी असला तरी गोण्या तशाच पडून राहतात आणि सप्लायरला क्वेरी जाते. मी अकरा विद्यापीठांची यादी केली आणि प्रत्येकाला एकोणीस प्रश्न पाठवले. ऑनलाइन पदवीला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता कोणत्या वर्षापर्यंत, परीक्षा घरून की केंद्रावर, शिकवणारे कायमचे की तासावर, थेट तास किती वाजता, एका वर्गात किती जण.

मुलीने माझ्या खांद्यावरून ईमेल वाचला. “आई, हा ईमेल आहे की शो-कॉज नोटीस? बिचारे उत्तर द्यायच्या आधी वकील बघतील.”

“ज्यांना द्यायचं ते देतील.”

सहा जणांनी दिलंच नाही. त्यांच्याऐवजी त्यांचे सल्लागार फोन करू लागले. सगळे विशी-बाविशीचे, सगळे गोड आवाजाचे, आणि सगळ्यांची आज शेवटची तारीख. “मॅम, सिर्फ आज रात तक.” दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच फोन, पुन्हा तीच शेवटची तारीख. आठवडाभराने मी वहीतल्या ‘शेवटची तारीख’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत एक रेघ मारली आणि लिहिलं: वाढवतात.

मान्यतेची यादी आयोगाच्या संकेतस्थळावर पाहिली तेव्हा उरलेल्या पाचांपैकी दोन गळाले. एकाची मान्यता दुसऱ्याच विषयाला होती आणि दुसऱ्याची संपलेली. राहिले तीन.

तिघांनीही नमुना म्हणून एकेक व्याख्यान पाठवलं. तिन्ही उत्तम. पण गोणीचं तोंड उघडून वरचा मूठभर माल तपासणं आमच्याकडे नवशिक्यालाही चालत नाही. गोण्यांच्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं, त्यात एक मिळवायचा, तेवढ्या गोण्या उघडायच्या, आणि कुठल्या उघडायच्या ते सप्लायरने सांगायचं नाही. तिन्ही ठिकाणी पहिल्या सत्राची नऊ-नऊ व्याख्यानं साठवलेली होती. नवाचं वर्गमूळ तीन, अधिक एक, चार. मी चिठ्ठ्या टाकून चार आकडे काढले आणि तीच व्याख्यानं बघायला द्या असं कळवलं. एकाने नकार दिला. ते तिथेच कटलं. दोघांनी दिली.

पहिल्या विद्यापीठाचं नाव मोठं होतं, माझ्या यादीत ते सगळ्यात वर होतं. चारही व्याख्यानांत एक गृहस्थ पडद्यावरचं वाचून दाखवत होते. एका जागी त्यांनी तेच पान दोनदा वाचलं आणि त्यांच्या ते लक्षात आलं नाही. मी तरी चारही शेवटपर्यंत पाहिली.

दुसरं विद्यापीठ लहान, नाव सांगितलं तर कोणी ओळखणार नाही. तिथे एक बाई ओपीडीतल्या रांगेबद्दल शिकवत होत्या. रुग्ण डॉक्टरसमोर सहा मिनिटं बसतो आणि त्यासाठी दोन तास थांबतो, तर ते दोन तास कुठे कुठे जातात, ते त्यांनी टेबलाटेबलाने उलगडलं. मी चार पानं टिपणं घेतली. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि वरणाचा पार गाळ झाला. सासूबाईंनी जेवताना फक्त विचारलं, “पास झालीस का?” खूप वर्षांनी मला एखादी गोष्ट शिकताना मजा आली होती, आणि तेच मला हवं होतं हे मी वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तिथेच प्रवेश घ्यायचा, हे ठरलं. फक्त एक कागद बाकी होता. परीक्षा घरून की केंद्रावर, यावर त्यांचं उत्तर होतं, ‘सोयीनुसार’. मी क्वेरी पाठवली: कोणाच्या सोयीनुसार? त्यांनी कळवलं, विद्यार्थ्याच्या. मी लिहिलं, हे सहीशिक्क्याच्या पत्रावर द्या. चार दिवसांनी पत्र आलं, सही होती, शिक्का नव्हता. मी पुन्हा लिहिलं.

फॅक्टरीत आमच्या स्टोअरचा इनचार्ज, मूळचा मालवणकडचा, माझ्याच वर्षी नोकरीला लागलेला. त्याने ‘सोबत येणार’वर पहिल्याच दिवशी खूण केली होती. डबा खाताना तो रोज विचारायचा.

“काय गो, झाला काय तुझा ॲडमिशन?”

“एक कागद यायचाय.”

“अगो, गोण एक तर घे, नायतर परत धाड. मधीच किती दिस ठेवतलंस?”

“शिक्का नको का?”

“शिक्को घेऊन काय वरणात घालतलंस?” आणि टेबलावरचे सगळे हसले. वरणाची गोष्ट मीच सांगितली होती.

त्यानंतरच्या मंगळवारी शिक्क्याचं पत्र आलं. मी लगेच अर्ज भरायला बसले. पडद्यावर एकच ओळ होती: या सत्राचे प्रवेश बंद झाले आहेत. फोन लावला. तिकडचे क्लार्क शांतपणे म्हणाले, “मॅडम, शेवटची तारीख काल होती. तुम्हाला पाठवलेल्या प्रत्येक ईमेलच्या तळाशी आहे.”

“पण मुदत वाढवता ना तुम्ही?”

“आम्ही नाही वाढवत.”

ती तारीख माझ्या वहीत होती, माझ्याच अक्षरात, माझ्याच रेघेखाली. बावीस वर्षं माल माझी वाट बघत आला होता. मी कागद मागायचे आणि सप्लायर धावत यायचा, कारण गरज त्याची होती. इथे गरज माझी होती आणि मी सप्लायरसारखं वागायचं सोडून गिऱ्हाइकासारखी बसले होते. शिक्का नसता तरी काहीही बिघडलं नसतं.

फॅक्टरीचा फॉर्म शुक्रवारी द्यायचा होता.

घाटकोपरला फोन केला. मैत्रीण म्हणाली, “वाट लावलीस यार. सहा महिने ही जागा कोण ठेवणार? अगं, दुसरं कुठलंही घे ना, पत्र आण, बाकी मी बघते.”

दुसरं होतंच. मोठ्या नावाचं विद्यापीठही त्या सल्लागारांसारखं रोज शेवटची तारीख वाढवत होतं. अर्ज केला की दोन दिवसांत पत्र. नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं.

“तुला कागद हवाय ना? घेऊन टाक. शिकवतात कसं ते कोण विचारतंय?”

“दोन वर्षं, दर रविवारी तीन तास, मी त्या माणसाला वाचताना ऐकायचं?”

“म्यूट कर.”

“अरे, मग मला येणार काय? हॉस्पिटलात जाऊन मी करणार काय?”

“ते तू बघ. पण शुक्रवारी चौकोन कुठला भरणार, ते आज सांग, म्हणजे मला झोप लागेल.”

मी बुधवारी मैत्रिणीला पुन्हा फोन केला आणि विचारलं, डिग्रीशिवाय तुमच्याकडे काय मिळेल. ती म्हणाली, रेकॉर्ड विभागात आहे, फायलींचं काम, हुद्दा आणि पगार दोन्ही खालचे, तुला नाही आवडणार. मी म्हटलं, येते. शुक्रवारी ‘येणार नाही’वर खूण केली. स्टोअरवाल्याने माझ्या हातातला फॉर्म वाकून पाहिला आणि आपला डबा माझ्यापुढे सरकवला.

क्वालिटीतली ती जागा एकोणतीस वर्षांच्या एका मुलीला मिळाली. हुशार आहे. मला ताई म्हणते आणि माझ्या फायलींतल्या चुका दाखवते. बहुतेक वेळा तिचं बरोबर असतं. पहिल्या महिन्यात मला याचा त्रास झाला, हे लिहिलं नाही तर खोटं होईल. तळघरातल्या त्या खोलीत डिस्चार्ज झालेल्यांचे कागद लावताना मला रोज हिशोब करावासा वाटायचा की एका शिक्क्यापायी मी काय गमावलं. मग ते करणं सोडलं.

त्याच लहान विद्यापीठात पुढच्या सत्राचे प्रवेश उघडले त्या सकाळी मी कामावर जायच्या आधी अर्ज भरला. आता रविवारी सकाळी तास असतो. ओपीडीच्या रांगेवाल्या त्या बाई साठवलेल्या व्याख्यानात दिसल्या त्यापेक्षा कडक आहेत. वर्गात माझ्याहून मोठे दोघेच. पुढची जागा कधी निघेल, ती मला मिळेल का, याची खात्री कोणीही दिलेली नाही.

गेल्या आठवड्यात पहिली असाइनमेंट द्यायची होती. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला पूर्ण पटलेलं नव्हतं. आणखी दोन संदर्भ शोधता आले असते, मुदतीला चार दिवस बाकी होते. मी ते उत्तर एकदा वाचलं आणि तसंच पाठवून दिलं.