कैरुलिया म्हणजे निळं

आमचे मामा बागेत पाट्या रंगवायचे. झाडांचा अभ्यास करणारे लोक यायचे त्या बागेत. प्रत्येक वाफ्यापुढं पत्र्याची काळी पाटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात झाडाचं लॅटिन नाव. मामांची शाळा चौथीतच सुटली, पण अक्षर म्हणजे छापल्यासारखं. लॅटिन काळं की गोरं ते त्यांना ठाऊक नव्हतं. कागद बघायचा आणि वळण उतरवायचं.

बागेच्या साहेबांना कितीदा तरी विचारलं त्यांनी, "साहेब, याचा अर्थ काय हो?"

"तुम्हाला काय करायचंय मामा? नक्कल करा, पगार घ्या." बागेतले सगळेच त्यांना मामा म्हणायचे.

एका थंडीत पाट्या गंजल्या म्हणून सगळ्या काढून रंगवल्या. कंद मातीखाली, वाफे उघडेबोडके. पाट्या परत रोवताना शेजारच्या दोन वाफ्यांची अदलाबदल झाली. फुलं आली तेव्हा नेमके बाहेरचे पाहुणे आलेले. निळ्या फुलांपुढं लुटिया, पिवळ्यांपुढं कैरुलिया. पाहुणे हसले आणि साहेबांचं नाक कापलं गेलं.

"कैरुलिया म्हणजे निळं," साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. "आभाळाला ते लोक कैलुम म्हणायचे, त्यावरनं आलाय शब्द. बोलता बोलता ल चा र झाला. लुटुम नावाच्या झाडापासून पिवळा रंग काढायचे, म्हणून लुटिया पिवळं. एवढंही कळत नाही?"

मामा म्हणाले, "निळा वाफा कुठला, ते मी झोपेतसुद्धा सांगेन साहेब. शब्द तुम्ही आज सांगितलात."

उलट बोलले म्हणून त्याच दिवशी काम गेलं.

पुढं नव्या माणसाची अक्षरं मुंग्या चालल्यासारखी यायला लागली, तेव्हा साहेबांनी वॉचमनला मामांच्या घरी बोलवायला धाडलं. मामा म्हणाले, "येतो की. पण पाटी रंगवायच्या आधी अर्थ सांगायचा. तेवढं कबूल करा म्हणावं."

वॉचमन गेला तो परत आलाच नाही. मामा मात्र कुंचले धुऊन, पुसून तयार ठेवायचे. मामी म्हणायची, "कशाला वाट बघता? त्यांना अक्षर हवंय, तुम्ही नाही."

मामा गेल्यावर साहेब भेटायला आले. खुर्चीच्या टोकावर बसले. म्हणाले, "मोत्यासारखं अक्षर होतं हो." मग, "त्यांचे कुंचले आहेत का अजून? बागेला उपयोगी पडतील."

मामीनं कुंचले आणून त्यांच्या हातात दिले.

"न्या," म्हणाली. "नव्या माणसाला कैरुलियाचा अर्थ तेवढा आधी सांगा."