सुताराने उपटलेला उंबरठा

“टाका रे त्याला विहिरीत! पण आधी त्याच्या बुडाखालचा उंबरठा काढून घ्या!”

माझे वडील एवढ्या मोठ्याने ओरडले, की नायगावच्या खाडीत गेलेल्या होड्या वादळ समजून परत फिरल्या. दारात माझी नवी नवरी उभी. शेजारी मी, मुंडावळ्या घामाने नाकाला चिकटलेल्या. आतून आई तांदळाने भरलेलं माप घेऊन ओणवी झालेली, पण माप ठेवणार कुठे? चौकट नुसती दोन पायांवर उभी होती, खालचं लाकूडच नव्हतं. ते अंगणात फणसाखाली होतं आणि त्याच्यावर आमचा सुतार पाय पसरून बिडी ओढत बसला होता.

घर नवंकोरं. दारं, खिडक्या, माळा, सगळं त्याच्याच हातचं. वडिलांची केळीची वाडी म्हणजे काय सांगू! घड कापत या टोकाहून त्या टोकाला पोचावं, तर मागे पहिल्या केळींना नवे घड लटकलेले. पण मजुरीचं नाव काढलं, की “यंदा केळी फार बारीक” हे ठरलेलं. सुतारही काही कमी नव्हता. पुरी मजुरी हातात पडेपर्यंत उंबरठ्याला खिळा मारायचा नाही, नुसता पाचरांवर बसवून ठेवायचा, ही त्याच्या घराण्याची रीत. सकाळी आम्ही वाजतगाजत लग्नाला बोळिंजला गेलो आणि मागे याने पाचरा उपटल्या.

भटजींनी बॉम्ब टाकला. “दिवेलागणीच्या आत नवरी घरात नाही आली, तर तिला माहेरी परत न्या. पुढचा मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर.”

मी रडायच्या बेतात. वडिलांनी वऱ्हाडातल्या वकिलांना पुढे ढकललं. वकील पानाला चुना लावत म्हणाले, “कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवायचा हक्क असतो. इंग्रजीत लियन म्हणतात. मात्र वस्तू त्याच्या ताब्यात पाहिजे.”

“ताबा कसला? तो तिच्यावर बसलाय!”

“तोच ताबा.”

मग वडिलांनी केळीचा एक गुळगुळीत बुंधा दारात आडवा टाकला. “हा आमचा उंबरठा! लियन गेला खड्ड्यात!” तो भक्कम आहे हे दाखवायला आत्याने त्यावर पाय दिला. आमची आत्या अंगाने भरलेली. ती घसरली ती माजघरातून, स्वयंपाकघरातून, मागल्या दाराने थेट गोठ्यात. गाय उठली आणि तिने आत्याला जागा करून दिली.

सूर्य माडांच्या शेंड्यांना टेकला. तेव्हा मुलीला पोचवायला आलेले माझे सासरे पुढे झाले. “याचे जे काय राहिले असतील ते मी देतो,” म्हणत त्यांनी कमरेची चंची सोडली.

सुतार उठून उभा राहिला. “द्या. पन मग उंबरठा तुमचा. शेटनी घरात शिरायच्या आधी तुम्हाला इचारायचं.”

“विचारतील की,” सासरे म्हणाले. “सणावाराला मी नाही म्हणणार नाही.”

वडिलांचा चेहरा आधी केळीसारखा हिरवा झाला, मग पिवळा, मग काळे ठिपके पडले. “माझ्या घरात मी व्याह्याला विचारून शिरू?” असं किंचाळत ते आत धावले आणि नोटांची अख्खी पुरचुंडी आणून सुताराच्या अंगावर फेकली. त्याने थुंकी लावून नोटा मोजल्या, उंबरठा जागेवर बसवला आणि पहिल्यांदाच त्याला खिळे ठोकले. इतका वेळ ताटकळलेल्या नवरीने माप असं काही लवंडलं, की पुढची चार वर्षं आम्हाला माळ्यावर तांदूळ सापडत होते.

जेवणं झाल्यावर हात धुताना मी सासऱ्यांना हळूच विचारलं, “मामा, खरंच देणार होतात पैसे?”

“चंचीत सुपारी होती,” ते म्हणाले.