व्हर्निसची एकटीची सही

व्हर्निस हॅचर माझ्या दुकानात आली की आधी काटा बघायची. कित्येक वर्षं ती माझ्याकडून कोंबड्यांचं खाद्य नेत होती, पण पोतं स्वतः उचलून अंदाज घेतल्याशिवाय बाईचा हात पर्सकडे जायचा नाही. "तुझ्यावर नाही गं, जो, पण काट्यावर माझा भरवसा नाही," म्हणायची. काट्यावर नाही म्हणे! चर्चच्या जेवणाला घरचा चमचा घेऊन येणारी बाई ती.

नवरा गेल्यावर डोंगरउतारावरची नासपतीची बाग तिने एकटीने सांभाळली. बागेच्या वरच्या अंगाने सोन्याच्या खाणींच्या काळातला मातीचा पाट जायचा. पाट गळका होता, आणि त्या पाझरावरच खालच्या विहिरी जगायच्या. म्हणून पाणी मंडळाने पाट बुजवून पाणी पाइपातून न्यायचा ठराव मतदानाला टाकला, तेव्हा तिची झोप उडाली. "पाणी वाचवायचंय म्हणे मेल्यांना! माझ्याच विहिरीतलं ना?"

मतदानाआधी घरोघरी पुस्तिका येते. तीत ठरावाच्या बाजूने एक लेख, विरोधात एक लेख, प्रत्येकी तीनशे शब्दांच्या आत. आमच्याकडची निम्मी माणसं तेवढंच वाचून मत टाकतात. विरोधातला लेख आपणच लिहायचा, असं व्हर्निसने ठरवलं.

नियम विचारायला मी तिला जिल्ह्याच्या निवडणूक कार्यालयात नेलं. खिडकीवरच्या मुलीने नीट समजावून सांगितलं. विरोधात कितीही लेख आले तरी छापायचा एकच. त्यातही संघटनेचा आधी, एकट्या मतदाराचा मागून. "तुमची एखादी संघटना आहे का, मॅडम?"

"का? तुला कशाला पाहिजे?" व्हर्निसने विचारलं.

मुलीने बिचारीने नियमांचा कागद पुढे सरकवला. परत येताना व्हर्निस मला म्हणाली, "बघितलंस ना, कशी खोदून खोदून विचारत होती? कोणीतरी पढवलंय तिला."

संघटना होती, हीच तर गंमत. नासपती बागायतदार संघ. सभासद उरले होते दोनच, ही आणि हिचा शेजारी हारलन टीग. दर वर्षी अध्यक्षपदाला दोघं उभे राहायचे, मतं पडायची एकास एक, आणि आधीचा अध्यक्ष म्हणून पुन्हा हारलनच. एका कोरड्या उन्हाळ्यात हिच्या पाळीचं पाणी कमी आलं, तेव्हापासून हारलन चोरून पाटाचं दार उचलतो, असं हिने डोक्यात घेतलं होतं. पुरावा काय, तर तो सकाळी फार ताजातवाना दिसतो!

तो स्वतःहून दुकानात आला, ती तिथे असतानाच. टोपी काढली, खिशातलं पेन काढलं.

"व्हर्निस, लेख तुझाच राहू दे. फक्त संघाच्या नावाने दे. अध्यक्ष म्हणून मी सही करतो."

"तुला त्यात काय मिळणार?"

"माझीही विहीर आहे, बाई."

"तुझी खोल आहे. तुला काय फरक पडतो? मी कागद तुझ्या हातात द्यायचा आणि तू तो पाणी मंडळात नेऊन वाचून दाखवायचास, होय ना?"

"तुझ्यासमोर सही करतो. कागद तूच घेऊन जा."

"आणि मागून फोन करून सांगशील, सही माझी नाही म्हणून!"

हारलनने टोपी चढवली. "तू तर स्वतःच्या सावलीलाही ओळखपत्र मागशील," म्हणाला आणि गेला.

"अगं, करू दे की सही!" मी म्हटलं. तर माझ्याकडेच अशी बघायला लागली, जणू मीही कटात सामील आहे. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, जा, घाल गोंधळ.

कोणाला वाचायला वेळ मिळू नये म्हणून शेवटच्या दिवशी, खिडकी बंद होता होता, तिने लेख दिला. खाली एकच सही.

पण विरोधात आणखी एक लेख आला होता. पाटमित्र मंडळाचा. हे मंडळ गावात कोणी ऐकलेलं नव्हतं, पण नाव, नियमावली, अध्यक्ष, सगळं कागदावर जागच्या जागी. संघटना म्हणून तोच लेख छापला. त्यात काय, तर डोंगरावर पाइप चांगला दिसणार नाही आणि फिरायला येणाऱ्यांच्या फोटोंची शोभा जाईल! विहिरींबद्दल अवाक्षर नाही. खालच्या पाच सह्यांत एक पाइपवाल्या कंत्राटदाराच्या जावयाची. आता मात्र मलाही वास आला, विरोधाची एकुलती जागा मुद्दाम अडवली होती. कोर्टात जाता येतं, पण लेखातलं खोटं असेल तर. यात खोटं काही नव्हतं, नुसता मूर्खपणा होता. ठरावाच्या बाजूने आलेल्या लेखाला उलट उत्तर द्यायचा हक्कही या मंडळाचाच, आणि त्यांनी तो वापरलाच नाही.

"हारलन!" व्हर्निस टेबलावर हात आपटून म्हणाली. "हे मंडळ त्यानेच काढलंय."

"त्याचं नाव कुठंय त्यात?"

"नाही ना? म्हणजे तोच!"

खरं सांगू, मलाही क्षणभर तसंच वाटलं. तिच्यासोबत राहून माणूस तसाच होतो.

ठराव पास झाला. पुढच्या उन्हाळ्यात पाट बुजला आणि व्हर्निसच्या विहिरीचं पाणी खाली खाली जायला लागलं. तेवढ्यात मी ऐकलं, हारलनची विहीर तर केव्हाच आटली.

"नाटक," व्हर्निस म्हणाली. माझ्याकडून सुतळीचा गुंडा घेतला आणि साक्षीला मला ओढत नेलं. हारलन ओसरीवर बसला होता, तो उठलाही नाही. हिने त्याच्या विहिरीचं लाकडी झाकण सरकवलं, सुतळीला दगड बांधला आणि सोडला. अर्धीही सुतळी गेली नसेल, खाली टक् असा आवाज आला. कसली खोल आणि काय! हिच्या विहिरीहून ती उथळ निघाली. हिने दुसऱ्या कडेने सोडला, तरी तोच आवाज. वर ओढून दगड बोटांनी चाचपला. धूळ नुसती.

"काय गं," हारलन ओसरीवरून म्हणाला, "दगडही मीच फितवलाय का?"

व्हर्निस विहिरीच्या कडेवर बसली. अख्ख्या आयुष्यात मी तिला असं हळू आवाजात कोणाला विचारताना ऐकलं नव्हतं.

"त्या दिवशी तू खरंच सही करणार होतास?"

"पेन उघडून उभा होतो की, बाई."