बुरखेवाल्याचा मित्र

कोणी उंचावर चढलं की दामूअण्णांना बसवत नसे. स्टुडिओत शिडीवर चढून कोणी दिवा बांधत असला, तरी हातातला चहा तसाच धरून ते उभे राहत. तो उतरला की मगच घोट. तोवर चहाचं पाणी झालेलं असे. आम्ही हसायचो.

दामूअण्णा जन्माने कलकत्त्याचेच. बंदराच्या कचेरीत कारकुनी करायचे आणि रजा टाकून सिनेमात काम, तेही कायम एकच: बुरखा घालून अन्याय निवारणाऱ्या नायकाचा मित्र. नायक सुडाने पेटला की याने त्याचा हात धरायचा, 'मत जाओ' म्हणायचं आणि हात सोडायचा. ते हिंदी संवाद मी लिहीत असे. "बापू, तुझ्या नायकाला लेखकाचं अभय आहे," ते म्हणत, "बाकीच्यांना कोण आहे?" मला ती उगाचची कुरकुर वाटे.

एकदा गार्डन रीचला नदीकाठी चित्रण होतं. गोदामाच्या छपरावरून नावेत उडी. नायकाच्या बुरख्यात रामधनी होता. उड्यांची कामं तोच करी. मनासारखं ऊन मिळेपर्यंत दुपार कलली आणि ओहोटी लागली. नाव पुरुषभर खाली गेली. धक्क्याच्या खांबांवरची ओली रेघ मला दिसत होती.

कॅमेरा सुरू झाला. दामूअण्णांनी रामधनीचा हात धरला आणि सोडलाच नाही. असं तीनदा झालं.

"पाणी उतरलंय. भरती येऊ द्या, मग सोडतो."

दिग्दर्शकाने त्यांना घरी पाठवलं, त्यांचा कोट दुसऱ्याच्या अंगावर चढवला आणि मला विचारलं, पाणी खरंच उतरलंय का. मला पुढच्या सिनेमाचं काम हवं होतं. मी म्हणालो, फारसं नाही.

रामधनीचे दोन्ही पाय मोडले.

संध्याकाळी मी बेहालाला दामूअण्णांच्या घरी गेलो. वहिनींनी पोहे पुढे ठेवले. ते बाजूला सारून मी रामधनीचं सांगितलं. सगळं ऐकून दामूअण्णांनी एवढंच विचारलं, "मी गेल्यावर त्यांनी पाण्याचं कोणाला विचारलं?"

"मला."

ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी चपला घातल्या. "चल दवाखान्यात. हे त्याला तू सांगायचंस."

मी सांगितलं. रामधनीने भिंतीकडे तोंड फिरवलं. दामूअण्णा पुढे दर रविवारी त्याच्याकडे जात राहिले. मी दोनदाच गेलो.

दामूअण्णा आता नाहीत. मी अजूनही असे सिनेमे लिहितो. नायकाच्या उड्या भराभर कागदावर उतरतात, पण मित्राने हात सोडला, हे लिहायची वेळ आली की मी टेबलावरून उठतो.