डोळे माझे, नाव त्यांचं

गड्यानं पत्रक उलटं धरलं होतं.

मी मालकांच्या अंगणात उकिडवा बसलो होतो. वर ओसरीवर मालक, त्यांच्या शेजारी धाकटे मालक. विमान चालवायला शिकवणाऱ्या तीन शाळांची माहितीपत्रकं टपालानं आली होती. तिन्ही इंग्रजीत. गावात इंग्रजी वाचता येणारा मी एकटा. माझा मामा हिंगोली स्टेशनात रुळांच्या कामावर होता, त्याच्या खोलीत राहून मी मॅट्रिक झालो होतो. म्हणून महारवाड्यात माणूस पाठवून मला बोलावलं. पण पत्रकं माझ्या हातात देणार कोण? बाकी काहीही बाटलं तर धुता येतं, कागद धुता येत नाही. तेव्हा गडी एकेक पत्रक माझ्या तोंडासमोर धरून उभा राहिला, दोन हात लांब. त्याला अक्षर ओळखता येत नव्हतं.

"सरळ धरा" म्हणालो असतो तर तो हुकूम झाला असता. महाराच्या पोरानं कुणबी गड्याला सोडलेला हुकूम. मी मान वाकडी केली. दिसेना. आणखी वाकडी केली.

"बघा बाबा," धाकटे मालक म्हणाले, "कोंबडं दाणे हुडकून राहिलं."

मालक हसले. गडीही हसला, कशाला हसतोय हे त्याला ठाऊक नव्हतं. मी तशीच मान मोडून तिन्ही पत्रकं उलटी वाचली आणि मराठीत सांगितली. त्या दिवशी मला राग आला नाही, हे खरं सांगून टाकतो. मला फक्त भीती वाटत होती, की एखाद्या शब्दाचा अर्थ चुकेल आणि कमरेत लाथ बसेल.

जर्मन-जपानची लढाई संपून वर्ष झालं होतं. आता विमानं माणसं घेऊन उडणार, ती चालवायला माणसं लागणार, अशी बोलणी होती. भागानगरच्या, म्हणजे हैदराबादच्या, कुण्या जहागीरदाराचा मुलगा विमान शिकून आला होता, तेव्हापासून मालकांच्या डोक्यात ते बसलं होतं. आपल्याही पोरानं विमान हाकावं. शाळा कोणती, एवढंच ठरायचं होतं.

पहिली शाळा मुंबईकडची. तिथं ना घराणं विचारत, ना शिफारस. पण डोळे, कान, छाती सगळं त्यांचाच डॉक्टर तपासणार. दुसरी हैदराबादची, तिला बड्या अंमलदाराचं पत्र लागत होतं. तिसरी दूर उत्तरेकडं, नवीनच निघालेली. ती म्हणत होती, आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही सनदी डॉक्टरचा दाखला जोडा, पुन्हा तपासणी नाही.

"ह्यातली सोपी कोनती रे?" मालकांनी विचारलं.

"तिसरी जी," मी म्हणालो. "तितं डोळे तपासत न्हाईत. दाखला दिला की झालं."

हे मीच सांगितलं. चोरवाट मीच दाखवली. शहाणा ठरायची हौस होती, दुसरं काय.

धाकटे मालक खाली बघू लागले, आणि मग माझ्या ध्यानात आलं. गावाला माहीत होतं, पण कुणी बोलत नव्हतं. धाकट्या मालकांना तांबडं आणि हिरवं वेगळं दिसायचं नाही. एका पोळ्याला त्यांनी हौसेनं बैलांची शिंगं रंगवली होती, एक शिंग तांबडं आणि एक हिरवं. त्यांना वाटलं, दोन्ही तांबडीच रंगवलीत. लोकांनी वाहवा केली आणि घरी जाऊन हसले. माझी माय मालकांच्या अंगणात मिरच्या निवडायला जायची. धाकटे मालक मदतीला बसले की तिचं काम दुप्पट व्हायचं.

पत्रकातला आणखी एक मजकूर मी वाचला होता. धावपट्टीवरून विमानाला दिव्यानं खूण करतात. हिरवा दिवा म्हणजे उतर. तांबडा म्हणजे उतरू नको, वरच फिरत राहा. हे मी मालकांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. त्यांनी ऐकलं होतं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणं आलं. या वेळी बापालाही. आम्ही दोघं अंगणात उभे. बापानं वाकून जोहार घातला.

"हिंगोलीत डागदर हाय," मालक म्हणाले. "मिलट्रीतून आल्याला. त्यो आमच्या पोराला वळखत न्हाई. तुजं पोरगं जाईल आन् डोळे दाखवून यील. नाव आमच्या पोराचं सांगायचं. समजलं?"

बाप म्हणाला, "व्हय जी."

मी म्हणालो, "मालक, सापडलो तर?"

"सापडशील काहून? अन् न्हाई गेलास तर गावात ऱ्हायचं का न्हाई, ते तुज्या बापाला इचार."

बापानं मला विचारलंच नाही. घरी आल्यावर खाली मान घालून म्हणाला, "एका घंट्याचं काम हाय लेकरा. डोळे तर दाखवायचेत. झिजत्यात व्हय?"

मला रागवायला हवं होतं. पण गावाबाहेर काढलं तर तो कुठं जाणार होता? जेवण गेलं नाही. तुरुंग डोळ्यांपुढं येत होता. लबाडी उघडी पडली तर मालक हात झटकणार, म्हणणार, ह्या पोरानं आमचं नाव चोरलं. माझं कोण ऐकणार? मालकांच्या कारभाऱ्यांनी मला धाकट्या मालकांची सही गिरवायला लावली. मातीवर, काडीनं. कागद तिथंही दिला नाही.

निघायच्या सकाळी गड्यानं धाकट्या मालकांचा कोट आणि टोपी आणून आमच्या दारापुढं टाकली. म्हणाला, "काम झालं की हे माघारी आनू नगं. आता कुनी घालनार न्हाई."

कोट अंगाला बरोबर बसला. मायनं मागून बघितलं आणि आत निघून गेली.

गाडीत कारभारी बसले. मी गाडीमागं चालत निघालो, कोट घालून, चाकांची धूळ खात. कळमनुरीचा रस्ता. लोक बघत होते. कोट मोठ्या घरचा आणि पाय अनवाणी. कयाधू नदीच्या अलीकडं कारभाऱ्यांनी गाडी थांबवली. मागं वळून बघितलं, रस्त्यावर ओळखीचं कुणी नव्हतं.

"ये, वर बस," ते म्हणाले. पिशवीतून बूट काढून माझ्यापुढं ठेवले. "आता तू धाकटा मालक हायेस. ताठ बस. बोलायचं कमी."

मी त्यांच्या शेजारी गादीवर बसलो. कारभारी अंग चोरून पार कडेला सरकले. नदी ओलांडली की मी मालक. माघारी नदी ओलांडली की पुन्हा पायी. एवढाच फरक असेल तर आमच्या जन्माचे हे हाल कशासाठी? हा विचार पहिल्यांदा मनात आला आणि त्याचीही भीती वाटली.

डॉक्टर म्हातारे होते, पांढरी दाढी, जाड चष्मा. कारभाऱ्यांनी माझं खोटं नाव सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "साथ वाले बाहर बैठो. रंगों का इम्तिहान है, कोई इशारा नक्को करना." कारभाऱ्यांच्या तोंडावरचा रंग उडाला. दार बंद झालं.

त्यांनी मला खुर्ची दिली. पाणी दिलं, काचेच्या पेल्यात. मग माझी हनुवटी धरली आणि अंगठ्यानं पापणी उचलली. आईबापाशिवाय माझ्या तोंडाला आजवर कुणी हात लावला नव्हता. मारायला लावला असेल, तो सोडून. मी डोळे मिटले. ते म्हणाले, "डरो नक्को बेटा, खोलो."

भिंतीवरची अक्षरं मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग त्यांनी टेबलावर लोकरीच्या लडींचा डबा उपडा केला. तांबड्या एका बाजूला, हिरव्या एका बाजूला. फिकट, गडद, मधल्या. मी भराभर लावल्या. एकही चुकली नाही.

"माशाल्ला," डॉक्टर म्हणाले. "ऐसी नजर बरसों में नईं देखा. ये इम्तिहान मैं कच्चा नईं लेता. हवाई जहाज में पीछे लोगां बैठे रहते."

त्यांनी दाखला लिहिला. उजव्या भुवईवरची खूण नोंदवली. ती माझी होती. वरचं नाव धाकट्या मालकांचं होतं. कागद माझ्यापुढं सरकवला, टाक दिला. "दस्तखत."

टाक हातात घेतला आणि मला ती मागं बसलेली माणसं दिसली. कोण ते मला ठाऊक नव्हतं. आपापली बोचकी मांडीवर घेऊन बसलेली. खाली तांबडा दिवा लागलाय आणि पुढं बसलेला माणूस म्हणतोय, हिरवा आहे. आणि त्याच्या खिशात माझी सही.

"साब," मी म्हणालो, "ये नाव माझं न्हाई."

त्यांना वाटलं, स्पेलिंग चुकलं. मी सगळं सांगितलं. मराठीत, हिंदीत, जसं आलं तसं. ते खुर्चीत मागं टेकले. मला वाटलं, आता शाबासकी देतील. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. माझ्यासारखीच.

"मेरेकू कायकू बताया?" ते हळू आवाजात म्हणाले. "दस्तखत करके चले जाता तो तू बी सुखी, मैं बी सुखी. मेरेकू इसी जिले में रहना है."

मग त्यांनी दाखला फाडला. चार तुकडे केले. म्हणाले, "सुन. बाहर मैं बोलतूं, लडका फेल है. नजर कमजोर. तेरा कुछ नईं बिगडेगा. घर जा."

वाट होती. अगदी मोकळी वाट होती. मान हलवायची फक्त. मालकांना वाटलं असतं, महाराचे डोळे कुचकामी निघाले. शिव्या मिळाल्या असत्या, दोन तडाखे. बाप गावात राहिला असता. मग त्यांनी दुसरा कुणी धरून आणला असता, दुसऱ्या डॉक्टरकडं नेलं असतं.

मी मान हलवणार होतो. खरंच हलवणार होतो. पण टेबलावर लडी तशाच पडल्या होत्या, बरोबर लावलेल्या. आयुष्यात एक परीक्षा मी कुणाच्या ओसरीखाली न बसता दिली होती, खुर्चीवर बसून, आणि त्यात पहिला आलो होतो. तिच्यावर नापास लिहायचं? तेही माझ्याच भल्यासाठी?

"न्हाई साब," मी म्हणालो. "माजी नजर कमजोर न्हाई."

"मरेगा तू."

"व्हय जी. पर नजर कमजोर न्हाई."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग दुसरा कागद घेतला. नाव विचारलं. मी माझं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं. त्यांनी लिहिलं, खाली मी सही केली. माझी. कधी गिरवावी लागली नव्हती. दाखला देताना ते एवढंच म्हणाले, "मेरे दरवाजे पे झगडा नक्को."

बाहेर येऊन मी स्वतःच कारभाऱ्यांना सांगितलं. रस्त्यात, चार माणसांदेखत, कारण एकटा असतो तर वाचलो नसतो. त्यांनी थोबाडीत मारली. टोपी गटारात पडली. म्हणाले, "तुज्या बापाला काय तोंड दावशील?" मी कोट काढला, बूट काढले, गाडीत ठेवले आणि स्टेशनाकडं पळालो. पळालोच. मी शूर होतो असं कुणी समजू नये. मामाच्या खोलीत शिरून आतून कडी लावली, आणि दारावर वारा वाजला तरी मी कोपऱ्यात सरकत होतो.

पाचव्या दिवशी बाप आणि माय आले. डोक्यावर भांडी, अंथरूण. बापाच्या पाठीवर वळ होते. घराचं छप्पर उतरवलं होतं. ते मी केलं होतं. मालकांनी केलं हे खरं, पण माझ्यामुळं केलं, हेही खरं, आणि बाप महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मामानं त्याला मालधक्क्यावर हळदीची पोती उचलायला लावून दिलं. संध्याकाळी पिवळा होऊन यायचा, भिंतीकडं तोंड करून निजायचा.

त्याच महिन्यात मी मुंबईच्या शाळेचा अर्ज मागवला. अवघड होती, तीच. जिथं दाखल्यावर भागत नाही. जिथं त्यांचा डॉक्टर माझे डोळे माझ्याच नावानं तपासेल. फी ऐकून मामा हसला होता. अर्ज दुसऱ्या कुणाचा असता तर मीही हसलो असतो.

रविवारी दुपारी खोलीत बसून अर्ज भरत होतो. बाप भिंतीकडं तोंड करून पडला होता. मला वाटलं झोपलाय.

"काय इचारलंय त्यात?" तो म्हणाला. महिन्यातलं त्याचं पहिलं बोलणं.

"बापाचा धंदा."

तो उठून बसला. पाठ दुखत होती, भिंतीला टेकवेना.

"महारकी लिही," तो म्हणाला. "अन् म्होरं लिही, सोडली."

मी तसंच लिहिलं. शाळा बोलावील की नाही ठाऊक नाही. भीती गेलेली नाही. रस्त्यात कोट घातलेला माणूस दिसला की अजून मी बाजूच्या गल्लीत शिरतो. भीती राहायची तर राहू दे. यंदा नाही घेतलं तर पुढच्या साली अर्ज करीन, त्याच्या पुढच्या साली करीन. ज्या शाळेत माझं नाव चालत नाही, त्या शाळेत माझे डोळे जाणार नाहीत. कुणाच्याही नावावर जाणार नाहीत.