ध्रुवावरची धूळ आणि खंडेनवमी

"आमची सून धूळ मोजते. पुसत नाही," अशी माझी ओळख सासूबाई करून देतात. खोटं नाही त्यात काही. दक्षिण ध्रुवावरच्या बर्फाचे तुकडे पुण्यात आमच्या प्रयोगशाळेत येतात. ते वितळवायचे आणि त्या पाण्यातले धुळीचे कण यंत्रावर मोजायचे. कण जास्त, म्हणजे तो थर साठला तेव्हा जग कोरडं होतं.

आमचे सर नारायण पेठेतले. स्वच्छतेवरचा विश्वास आणि आमच्यावरचा अविश्वास, दोन्ही ठाम. कोणी पावडर लावून आलं, की "आपण कामाला आलात की लग्नाला?" असं विचारून दारातूनच परत पाठवत.

सर त्या डिसेंबरात निवृत्त होणार होते. एका जुन्या थरात भरपूर धूळ सापडणार, हा त्यांचा कित्येक वर्षांचा अंदाज, आणि बाकीच्या शास्त्रज्ञांनी तो हसण्यावारी नेलेला. तो थर अखेर खंडेनवमीच्या दिवशी हाती आला. सरांनी आधी शुद्ध पाणी चालवून यंत्र तपासलं. मग यंत्राची पूजा केली, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि मुहूर्तावर बर्फाचं पाणी घातलं. आकडा असा काही चढला, की सरांनी चक्क पेढे मागवले.

मला मात्र ती पूजा खुपत होती. पेढे वाटणं चालू असताना मी पुन्हा शुद्ध पाणी चालवलं. धूळ तेवढीच! एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर पिवळे कण.

"सर, ही हळद आहे," मी कसंबसं म्हणाले. आता आपली काही खैर नाही, असं वाटलं.

सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "चांगल्या प्रतीची आहे. घरचीच," म्हणाले आणि स्वतः यंत्र पुसायला घेतलं.

प्रत्येक थराचा अर्धा तुकडा आम्ही राखून ठेवतो. दसरा झाल्यावर तो वितळवला. सरांनी मला यंत्रासमोर बसवलं आणि स्वतः पाठ करून उभे राहिले. थोडी तरी धूळ निघू दे, म्हणून मी मनातल्या मनात देवाला विनवत होते.

"किती?" सरांनी विचारलं.

"नेहमीइतकीच, सर."

"मग तसंच लिहा."

मी तसंच लिहिलं. बर्फ स्वच्छ निघाल्याचा मला इतका राग कधीच आला नव्हता.