हौद्यात उभे राहणारे बामाशेठ

बामाशेठ घरत पिकअप बघायला आले की आधी चपला काढायचे. आमचं शोरूम कळंबोलीच्या रस्त्यावर. दिवसभर कंटेनरची धूळ आत येणार आणि आम्ही ती फडक्याने पुसणार, अशी जागा. तिथे हा माणूस देवळात आल्यासारखा चपला भिंतीशी जोडून ठेवायचा, पांढरा पायजमा घोट्याच्या वर खोचायचा आणि सरळ गाडीच्या मागच्या हौद्यात चढायचा. पहिल्या दिवशी मी केबिनचं दार उघडून "या ना सर, एसी लावलाय" म्हणत उभी होते. ते वरून म्हणाले, "मी पुढं बसनारा नाय गो. ज्याच्यासाठी गाडी घ्याची तो मागं उभा रानार. तू चालव, मी त्याच्या जागी उभा रातो."

"तो म्हणजे कोण?" मी विचारलं.

"चिमन्या."

मला वाटलं, नातू. नातवाला उघड्या हौद्यात उभं करून नेणारा आजोबा मी पहिल्यांदाच बघत होते. तरी ग्राहक तो ग्राहक, म्हणून मी गाडी काढली. रोडपालीच्या वळणावर लोक थबकून बघत होते. पुढे लिपस्टिक लावलेली सेल्सची मुलगी, आणि मागे गळ्यात बोटभर जाड चेन घालून, काहीही न धरता, डोळे मिटून उभे असलेले शेठ. परत आल्यावर ते उतरले, चपला घातल्या आणि निकाल दिला, "ताकद लय हाय. पन लगेच दाखवते. नव्या पैलवानाचं कसं, हात मिलवला तरी दाबून बगतो. तसली नको."

चिमण्या हा बैल आहे, हे मला त्यानंतर कळलं. शर्यतीचा. पनवेल-उरणकडे ज्यांच्या जमिनी प्रकल्पात गेल्या आणि मोबदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बिल्डिंगी उभ्या राहिल्या, त्यातले बामाशेठ एक. शेती उरली नाही, मिठागर उरलं नाही; उरले ते बैल. बंदी उठून शर्यती पुन्हा सुरू झाल्या तेव्हा म्हणे त्यांनी गावभर पेढे वाटले. नवीन पनवेलच्या सेक्टरमध्ये वाढलेल्या मला बैल माहीत होता तो पोळ्याच्या चित्रातला. बैलाच्या पायांच्या सोयीने डिझेल इंजिन निवडणारा माणूस या जगात असेल, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

पण शेठ हसण्यावारी न्यायचा माणूस नव्हता. पनवेलपासून पेणपर्यंत पिकअपचं एक शोरूम त्यांनी सोडलं नव्हतं. जुन्या चालीचं मोठं इंजिन त्यांना आवडायचं, कारण ते कुठल्याही गावात झाडाखाली उघडता येतं आणि वर्षानुवर्षं कुरकुर न करता ओढतं. पण चढावर ते धापा टाकतं, म्हणून नापास. नवीन, लहान, टर्बोवालं इंजिन कमी डिझेलमध्ये जास्त ताकद देतं. पण चढावर थांबून पुन्हा निघताना टर्बो जागा होईपर्यंत क्षणभर गाडी विचारात पडते, म्हणून तेही नापास. तिसऱ्या एका कंपनीची गाडी ट्रॉली ओढायला एक नंबर निघाली. शर्यतीचा छकडा ट्रॉलीवर चढवून मागे हुकला लावायचा असतो, त्यामुळे तेही बघावं लागे. पण तिचे स्प्रिंगचे पाटे इतके कडक की रिकामी गाडी खड्ड्यात उड्या मारते. ती तर त्यांनी गल्लीच्या तोंडाशीच परत फिरवली.

टिकाऊपणाचा विषय निघाला की मी कंपनीचं माहितीपत्रक पुढे करायची. ते हाताने बाजूला सारत. "नवी इकनारा खोटा बोलतो. जुनी इकनारा पन खोटा बोलतो. जो इकतच नाय त्याला जाऊन इचार." आणि खरोखरच ते टेम्पो स्टँडवर जाऊन, आपला जुना खटारा विकायला नकार देणाऱ्या ड्रायव्हरांशी तासन्तास बोलत बसायचे. मला त्यांचं कौतुक वाटायला लागलं होतं. एवढं खोलात जाऊन गाडी बघणारं गिऱ्हाईक मी पाहिलंच नव्हतं.

मग एके दिवशी ते बैलच घेऊन आले. गावाहून चालवत. काचेच्या दारासमोर पांढराशुभ्र डोंगर उभा, शिंगांना रंग, पाठीवर झूल. याचं नाव चिमण्या! आमचे मॅनेजर पुण्याचे. ते खुर्चीतून उठले ते उभेच राहिले. "हे काय आहे?" त्यांनी मलाच विचारलं, जणू बैल मी मागवला होता. शेवटी सर्व्हिसिंगच्या मागच्या आवारात सिमेंटचा उतार आहे, तिथे गाडी उलटी लावली. मी जीव मुठीत धरून बघत होते. चिमण्या उतार चढला, स्वतःच्या गोठ्यात शिरावा तसा हौद्यात शिरला आणि केबिनची मागची काच चाटू लागला. मी इंजिन सुरू केलं.

"बंद कर! बंद कर गो!" शेठ ओरडले. मी दचकून किल्ली फिरवली. उतरून बघते तर शेठ हौद्याच्या मागच्या फाळक्याला धरून उभे, सदरा घामाने अंगाला चिकटलेला. "थरथरते गाडी. बैल बिथरला." मी बैलाकडे बघितलं. तो रवंथ करत होता. पण बैलातलं मला काय कळतंय.

चहा घेताना त्यांनी सांगितलं. चिमण्याचा एक जोडीदार होता, पाखऱ्या. बंदी उठल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात दोघांना जुन्या पिकअपमध्ये घालून चिरनेरच्या बाजूला शर्यतीला निघाले होते. शेठ पुढे, केबिनमध्ये, फोनवर बोलत. चढावर इंजिनाचा दम गेला, गाडी बंद पडून मागे सरकली. ड्रायव्हरने घाबरून क्लच सोडला तसा जोराचा धक्का बसला आणि मागे पाखऱ्या पडला. पाय मोडला. "मी फोनवर हसत होतो गो," शेठ म्हणाले. "मागं तो पडला, आनि मी पुढं हसत होतो." पाखऱ्या वाचला नाही. त्या दिवसापासून चिमण्या गाडीतून कुठेच गेला नव्हता. दिवाळीनंतर हंगाम सुरू होणार होता. बैल ऐन भरात होता आणि हे वर्ष गेलं की उतरणीला लागणार होता. नव्या जोडीदाराबरोबर त्याचा सराव गावच्या वाटेवर रोज चालू होता. अडलं होतं ते गाडीपाशी.

हे ऐकल्यावर मी चंगच बांधला. कंपनीकडून जे जे मॉडेल येईल ते आधी शेठना दाखवायचं. शेठ प्रत्येक वेळी बैल घेऊन येत. बैल प्रत्येक वेळी निमूट चढे. मी इंजिन सुरू करी आणि शेठ प्रत्येक वेळी ओरडत, "उतरवा!" कधी इंजिन खोकतं, कधी आवाज कानात बसतो, कधी धूर वाकडा निघतो. एकदा तर म्हणाले, "हिची नियत चांगली नाय." इंजिनाची नियत! वर्कशॉपची पोरं पोट धरून हसली. मला मात्र आता राग यायला लागला होता. आमच्याकडेच नाही, दुसऱ्या शोरूममध्येही हाच प्रकार चालू होता, हे कानावर आलं होतं.

दसरा झाला आणि एका सकाळी शेठबरोबर त्यांची बायको आली. पारूकाकी. ठेंगण्या, काटक, कासोट्याचं लुगडं, हातभर बांगड्या. त्या सोफ्यावर बसल्या, आमचा मशीनचा चहा तोंड वाकडं करून प्यायल्या आणि सगळा तमाशा शेवटपर्यंत बघितला. बैल चढला, मी किल्ली फिरवली, शेठ ओरडले. ही तीच गाडी होती, जिला त्यांनी पहिल्या दिवशी पैलवान म्हणून नाव ठेवलं होतं. काकी कप ठेवून मागच्या आवारात आल्या.

"काय झाला हिला?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"बैल घाबरतोय. दिसत नाय काय तुला?"

"बैल नाय घाबरत," काकी म्हणाल्या. "बैल कवाच नाय घाबरला. तुमी घाबरता."

पान्हा हातात घेतलेला मेकॅनिक तसाच थांबला. मी सुन्न झाले. इतके महिने मी टर्बो, गिअर, पाटे यांची तुलना करत बसले होते, आणि हा माणूस मुळात गाडी शोधतच नव्हता. त्याला फक्त नाही म्हणायला नवनवी कारणं हवी होती. सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. बैल माझ्यासमोर रवंथ करत होता! शेठची मान खाली गेली.

काकींनी पदर खोचला आणि उतारावरून थेट हौद्यात जाऊन चिमण्याच्या बाजूला उभ्या राहिल्या. "चालव गो."

"ए, उतर! याड लागलंय काय तुला?" शेठ ओरडले.

"तुमी रावा हितंच. मी आनि तो जाताव. चालव गो पोरी!"

त्या आवाजापुढे मेकॅनिकने मुकाट फाळका लावला आणि मॅनेजर काय म्हणतील हे मला सुचलंसुद्धा नाही. मी गाडी काढली. फाटकापर्यंत गेले आणि आरशात बघते तर शेठ अनवाणी मागे धावत येत होते, हात वर करून. मी गाडी थांबवली. वाटलं, आता बैल उतरवणार, बायकोला फटकारणार. ते धापा टाकत फाळक्यावरून वर चढले. खाली उतरा असं कोणालाच म्हणाले नाहीत. काकींनी केबिनच्या पत्र्यावर थाप मारली, चल म्हणून.

सर्व्हिस रोडने एक फेरी मारून परतायचा माझा विचार होता. पण पुढे रस्ता खणलेला, पोलिसाने हात करून सगळ्यांना उड्डाणपुलावर वळवलं. आणि पुलाच्या चढावर, अगदी मधोमध, पुढचा कंटेनर थांबला. मी ब्रेक दाबला. मागे हॉर्न सुरू झाले. पाखऱ्या असल्याच चढावर पडला होता, हे मला त्या क्षणी आठवायला नको होतं, पण आठवलं. लोकांना मी टॉर्कचे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवते. एकही आकडा आठवेना. कंटेनर हलला. मी हँडब्रेक हळूहळू सोडला, क्लच त्याहून हळू. इंजिनाने खालच्या आवाजात भार घेतला, गाडी तसूभरही मागे सरली नाही आणि चढ चढायला लागली.

पुलाच्या माथ्यावर पोचल्यावरच मी आरशात बघायची हिंमत केली. शेठ डोळे गच्च मिटून हमसाहमशी रडत होते. काकींचा एक हात कठड्यावर होता आणि दुसऱ्या हाताने त्यांनी शेठना घट्ट कवेत धरलं होतं. बैलाला कोणीच धरलं नव्हतं.